बैल मालकाचा, मग फोटो कुणाचा? शर्यतीच्या मैदानावर उभ्या राहणाऱ्या नव्या फोटोग्राफरांचं नाव आणि दाम कुठं गळतंय?

विशेष विश्लेषण

मैदान होऊन दोन दिवस झाले की चौकात फ्लेक्स लागतो. धुरळ्यातनं बाहेर येणारी बैलजोड, पाय हवेत, ड्रायव्हर पुढं झुकलेला. वर बैलाचं नाव, खाली मालकाचं नाव, शुभेच्छुक म्हणून वीस-पंचवीस चेहरे, कोपऱ्यात पशुखाद्याच्या दुकानाची जाहिरात. फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाईल नंबरसुद्धा बारीक अक्षरात असतो. फक्त एक नाव नसतं. तो फोटो ज्यानं काढला त्याचं.

हा फोटो काढणारा बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला पोरगा असतो. बारावी किंवा आयटीआय झालेला, घरी दोन-तीन एकर शेती, कॅमेरा आणि लांबची लेन्स हप्त्यावर घेतलेली. पळता बैल स्थिर पकडायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ उघडावा लागतो, आणि तेही बरोबर त्या क्षणाला. त्यासाठी सकाळच्या पहिल्या गटापासून सांजच्या फायनलपर्यंत उन्हात, धुळीत, कधी बैल अंगावर येण्याच्या अंतरावर उभं राहावं लागतं. शेकडो फोटोंतले दोन-चार कामाचे निघतात. तेच दोन-चार रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात आणि सकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्याचे होऊन जातात.

हा धंदा तसा नवा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानं शर्यती बंद झाल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात गावागावात स्मार्टफोन पोचला होता. त्यामुळं बंदी उठल्यावर नुसती शर्यत परत आली नाही, तिच्याभोवती फोटो, रील, लाईव्ह, बैलांच्या नावाची फॅन पेजेस असं सगळं उभं राहिलं. घाटातली बारी असो की खटाव-माणकडचं मैदान, कॅमेरावाले आता समालोचकाइतकेच ठरलेले आहेत. बैलाची किंमत ठरताना त्याच्या फोटोचा आणि व्हिडिओचा हातभार लागतो, हे गाडामालकही नाकारत नाहीत. पण फोटो काढणाराच्या हातात काय पडतं, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

"बैल आमचा, फोटो आमचा"

नाव का टाकलं नाही असं विचारलं की हे उत्तर ठरलेलं. ऐकायला रास्त वाटतं. बैलाला खुराक मालकानं घातला, रात्री जागला तो मालक, मग फोटोवर दुसऱ्याचा हक्क कसा?

कायदा मात्र वेगळं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं फोटो ही 'कलाकृती' आहे आणि फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. फोटोत कोण दिसतंय, बैल कुणाचा, रान कुणाचं, यावर कर्ता ठरत नाही. हा हक्क फोटो काढल्याक्षणी आपोआप तयार होतो. नोंदणी केली नाही, सही केली नाही, कोपऱ्यात गोल करून सी काढला नाही, तरी हक्क असतोच. मुदतही थोडीथोडकी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क काढणाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं चालतो.

इथपर्यंत सगळं फोटोग्राफरच्या बाजूचं. पण पुढं एक मेख आहे आणि नव्या पोरांना ती बहुतेक माहीतच नसते.

त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलंय की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर उलट काही ठरलं नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे गाडामालकानं फोन करून बोलावलं, "आपल्या जोडीचे चांगले दहा फोटो काढ, एवढे देतो" म्हणाला, पोरगा गेला आणि पैसे घेतले, तर त्या दहा फोटोंचा मालक गाडामालक. त्यानं ते फ्लेक्सवर लावले, पेजवर टाकले, पशुखाद्यवाल्याला दिले, तर फोटोग्राफरला पैशासाठी भांडायला जागा उरत नाही. यात्रा कमिटीनं दिवसाच्या बोलीवर बोलावलं तरी तेच.

उलट तोच पोरगा स्वतःच्या मनानं, स्वतःच्या पेट्रोलनं मैदानात गेला, कुणाकडून रुपया घेतला नाही, तर फोटो पूर्ण त्याचा. मग बैल हिंदकेसरी का असेना.

तिसरा प्रकार तालुक्याच्या स्टुडिओत काम करणाऱ्यांचा. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला मालक नोकरी देणारा. लग्नसराईत रोजानं 'सेकंड कॅमेरा' म्हणून जाणाऱ्यांचीही गत वेगळी नाही, कारण स्टुडिओवाल्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊनच ते फोटो काढलेले असतात. अशा पोरांची खरी अडचण पैशाची नसते. दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढलेलं उत्तम काम स्वतःचं म्हणून दाखवता येत नाही, आणि स्वतःचा धंदा सुरू करताना हातात दाखवायला काहीच नसतं. वर्तमानपत्रात पगारी नोकरी असेल तर कायदा थोडा मऊ आहे. छापण्यापुरता हक्क वर्तमानपत्राच्या मालकाचा, बाकीचा काढणाराचा.

या सगळ्यात "उलट काही ठरलं नसल्यास" हे चार शब्द महत्त्वाचे. ठरवता येतं. आपल्याकडं ठरवत नाहीत, कारण ओळखीच्या माणसाशी कागद करायला लाज वाटते. "दादा, तुमच्याशी काय लिहून घ्यायचं" म्हणायचं आणि नंतर महिनाभर तोंड फिरवून चालायचं, ही गावाकडची रीत.

पैसे गेले तरी नाव जात नाही

कलम ५७ मात्र फोटोग्राफरच्या बाजूनं ठाम उभं आहे. कॉपीराइट दुसऱ्याचा असला, विकून टाकला असला, तरी 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क राहतो. आणि कामाची मोडतोड करून त्याच्या इभ्रतीला बाधा येईल असं काही केलं, तर हरकत घेण्याचा हक्कही राहतो. म्हणजे पैसे घेऊन काढलेल्या फोटोतही नावाचा मुद्दा संपत नाही.

नाव ही किरकोळ गोष्ट नाही. नव्या माणसाला पुढचं काम नावावरच मिळतं. फ्लेक्सवर नाव असतं तर पुढच्या गावच्या कमिटीनं त्यालाच फोन केला असता.

नावाचा हा घोळ जुना आहे. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईत काम करू लागल्या तेव्हा त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावानं छापून येत. बाई फोटो काढते हे तेव्हा पचत नव्हतं. पुढं २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आज तालुक्यातल्या पोरांच्या फोटोखाली दुसऱ्याचं नावही येत नाही, 'साभार : सोशल मीडिया' येतं. सोशल मीडिया हा काय कुणा माणसाचं नाव आहे? यात बातम्यांची पेजेस आणि पोर्टल यांचाही वाटा आहे, तो लपवून उपयोग नाही. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी दुसऱ्याचा फोटो मर्यादेत वापरायला कायदा सवलत देतो. पण ती सवलत बातमीपुरती आहे. दुकानाचा फ्लेक्स, कॅलेंडर, टी-शर्ट, वाढदिवसाच्या शुभेच्छा यांना ती लागू होत नाही. आणि बातमीत वापरताना नाव लिहायला जागा लागते ती अर्धी ओळ.

वॉटरमार्कचा भ्रम

बहुतेक पोरांचा सगळा भरवसा वॉटरमार्कवर. फोटोच्या मधोमध भलंमोठं नाव टाकतात. त्यानं फोटोची शोभा जाते आणि चोरी काही थांबत नाही. कोपऱ्यातलं नाव कापायला पाच सेकंद लागतात, मधलं नाव पुसणारी ॲपं आता फुकट मिळतात. तरी नाव टाकावंच, पण बैलाच्या पोटाजवळ किंवा छकड्याच्या चाकाजवळ, बारीक, जिथनं कापलं तर फोटोच तुटेल. कारण कलम ६५-ब नुसार कर्त्याचं नाव वगैरे हक्काची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे. नाव टाकलंच नसेल तर पुसलं म्हणून तक्रार कशाची करणार?

खरा पुरावा वॉटरमार्क नव्हे. खरा पुरावा म्हणजे मूळ फाईल. कॅमेऱ्यात 'रॉ' प्रकारात फोटो घेतला की ती फाईल फक्त काढणाराकडं असते, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्याकडं कधीच नसते. त्याहून पक्की गोष्ट म्हणजे मागचे-पुढचे फोटो. बैल पळताना कॅमेरा एका दमात आठ-दहा फोटो घेतो. चोरणाऱ्याकडं त्यातला एकच असतो. काढणाराकडं त्याच्या आधीची तीन पावलं आणि नंतरची चार पावलं असतात. पंचासमोर, पोलीस ठाण्यात, कोर्टात, कुठंही हे दाखवलं की वाद मिटतो.

आणि नेमकं हेच पोरं पुसून टाकतात. मेमरी कार्ड भरलं की 'फालतू' फोटो उडवायचे, चांगला एक ठेवायचा. कार्ड रिकामं करायच्या आधी सगळं हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलं पाहिजे, निदान ज्या फोटोला मागणी आली त्याची मालिका तरी.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कर्त्याचं आणि हक्कदाराचं नाव भरायची सोय बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत असते. एकदा भरलं की प्रत्येक फाईलच्या पोटात ते नाव जातं. कॅमेरा विकत घेऊन वर्ष झालं तरी हे कुणी उघडून बघितलेलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही आतली माहिती गळून पडते आणि फोटोचा दर्जाही उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाईल जशीच्या तशी जाते. म्हणून ग्रुपवर टाकायचा तो लहान केलेला, नाव असलेला. मोठी मूळ प्रत व्यवहार झाल्यावर, डॉक्युमेंट म्हणून. लहान फोटोवर वीस फुटी फ्लेक्स छापला की बैल ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, आणि मग फ्लेक्सवालाच मूळ फाईलसाठी फोन करतो. हा फोन आला की दर आणि नाव दोन्ही बोलायची वेळ.

चार ओळींचा कागद

स्टॅम्प पेपर, वकील, नोटरी यांची सुरुवातीला गरज नाही. कामाला जायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या मराठीत एक मेसेज पाठवायचा आणि समोरच्याचं 'हो' आल्यावरच निघायचं. मेसेज साधारण असा:

"अण्णा, रविवारच्या मैदानात तुमच्या जोडीचे दहा फोटो काढून देतो. रक्कम आपली ठरली ती. हे फोटो तुम्ही स्वतःच्या पेजवर, घरी आणि तुमच्या फ्लेक्सवर वापरा. फोटोखाली माझं नाव राहील. दुकानाच्या किंवा कंपनीच्या जाहिरातीला द्यायचे असतील तर मला आधी विचारायचं. फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडं राहील. चालेल ना?"

यात कुणाचा अपमान नाही. 'कॉपीराइट माझ्याकडं राहील' एवढ्या एका वाक्यानं कलम १७ चा निकाल फिरतो. रोजानं जाणाऱ्या पोरांनी स्टुडिओवाल्याला एकच गोष्ट विचारून घ्यावी: मी काढलेले फोटो माझं काम म्हणून दाखवले तर चालेल का?

कुणी सगळे हक्कच विकत मागितले, उदाहरणार्थ पशुखाद्याच्या कंपनीनं, तर मात्र लेखी आणि सहीचा कागद लागतो. तोंडी विक्री कायद्याला मान्य नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरता दिला असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 'कायमचे सर्व हक्क' असं छापलेल्या कागदावर सही करण्याआधी दर त्या मानानं मागावा. हा कागद वकिलाला दाखवायला हरकत नाही.

चोरी झालीच तर

पहिलं काम भांडण नाही, पुरावा. फ्लेक्सचा फोटो, जागा दिसेल असा. पेजचा स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख दिसेल असा. मोबाईलमधला पुरावा कोर्टात न्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं त्याच्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. म्हणून ज्या मोबाईलवर स्क्रीनशॉट घेतला तो मोबाईल विकून टाकू नये.

दुसरं काम फोन. शंभरातली बरीच प्रकरणं इथंच मिटतात, कारण निम्म्या लोकांना आपण काही चुकीचं केलंय हेच ठाऊक नसतं. फ्लेक्सवाल्याला फोटो कुणी दिला, त्याला कुणी पाठवला, कुणालाच माहीत नसतं. "नाव टाका, नाहीतर एवढी रक्कम द्या" असं सरळ बोललं तर गावात मार्ग निघतो.

फॅन पेज ऐकत नसेल तर फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब या सगळ्यांकडं कॉपीराइट तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म आहे. साधं 'रिपोर्ट' दाबणं वेगळं आणि हा फॉर्म वेगळा. यात मूळ फोटोची लिंक द्यावी लागते, म्हणून स्वतःच्या पेजवर सगळ्यात आधी फोटो टाकून ठेवणं फायद्याचं. कॉपीराइट नियम २०१३ मध्येही अशी लेखी तक्रार आल्यावर ३६ तासांत मजकूर रोखण्याची तरतूद आहे. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो.

त्यापुढं पोलीस आणि कोर्ट. कलम ६३ खाली शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून ठाण्यातनं परत पाठवलं तर एक निकाल लक्षात ठेवावा: निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात २० मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय. दिवाणी दावाही जिल्हा न्यायालयात लावता येतो, आणि फोटोग्राफर जिथं राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्यात लावायची मुभा कलम ६२ देतं. पुण्या-मुंबईच्या कंपनीनं फोटो उचलला असेल तर ही मुभा लाखमोलाची आहे.

पण एका फ्लेक्ससाठी अजामीनपात्र गुन्हा दाखल करायला धावणं शहाणपणाचं नाही. ज्या गावात पुढच्या वर्षी मैदानाला जायचंय, त्या गावच्या पोराला आत टाकून धंदा चालत नाही. वकिलाची फी फ्लेक्सच्या कित्येक पट होते. कंपनी असेल, जाहिरात मोठी असेल, वारंवार घडत असेल तर गोष्ट वेगळी. आणि ज्या फोटोचे पैसे घेतलेत, ज्याचा मालकी हक्क आपला नाही, त्यासाठी केसची धमकी देऊ नये. खोट्या धमकीविरुद्ध समोरच्यालाही कलम ६० खाली कोर्टात जाता येतं.

नोंदणीचं म्हणाल तर सक्तीची नाही. केंद्राच्या कॉपीराइट कार्यालयाकडं ऑनलाइन अर्ज होतो, साध्या कलाकृतीला ५०० रुपये फी, हरकतींसाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं. प्रत्येक फोटोची करत बसणं परवडणारं नाही. वर्षातून एखादाच फोटो असा निघतो की तो सगळीकडं दिसणार हे कळतं. त्याची करावी. प्रमाणपत्र असलं की कोर्टात हक्क सिद्ध करायचं ओझं बरंच उतरतं.

आरसा दुसऱ्या बाजूनंही

फोटो चोरला म्हणून तावातावानं बोलणाऱ्या कित्येक स्टुडिओंत एडिटिंगचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं असतं. रीलला सिनेमाचं गाणं लावून यूट्यूबवर टाकायचं आणि क्लेम आला की कंपनीला शिव्या द्यायच्या, हेही रोजचं आहे. दुसऱ्याचं गाणं फुकट आणि आपला फोटो मात्र मोलाचा, हे गणित जमत नाही.

त्याहून नाजूक बाब लग्नाच्या फोटोंची. पैसे घेऊन काढलेले लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे फोटो कलम १७ प्रमाणं त्या घरचे. फोटोग्राफर ते स्वतःच्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकतात, बऱ्याचदा न विचारता. नवरीचा फोटो अनोळखी पेजवर फिरायला लागला, खाली नको त्या कॉमेंट आल्या, की त्या घरात काय होतं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. ऑर्डर घेतानाच विचारावं, आणि नवरा-नवरी दोघांनाही विचारावं, नुसतं वडिलांना नको. 'नाही' म्हटलं तर फोटो कपाटात.

बैलाला विचारावं लागत नाही, म्हणूनच मैदानातला फोटो हा नव्या माणसासाठी धंद्याची ओळख तयार करायचा सगळ्यात मोकळा रस्ता आहे. फक्त कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ बरोबर लावलेली हवी. बॅटरी बदलल्यावर किंवा कॅमेरा दुसऱ्याकडनं आणल्यावर ती हटकून चुकलेली असते, आणि मग २०२५ च्या मैदानाच्या फाईलवर भलत्याच सालची तारीख पडते. पुरावा म्हणून तीच फाईल पुढं केली की समोरचा पहिलं बोट तिथंच ठेवतो.

यात्रांचा हंगाम जवळ आला की कमित्यांची हँडबिलं छापायला जातात. त्यात बक्षीस देणाऱ्यांची नावं असतात, समालोचकाचं असतं, झेंडापंचाचं असतं, मंडपवाल्याचं आणि साऊंडवाल्याचंही असतं. छायाचित्रकार म्हणून एक ओळ वाढवायला छपाईवाला जादा पैसे घेत नाही.